करंजाची सावली

जयनगर, बेंगळूर
१४ सप्टेंबर १९९७

अंजे,

प्रिय वगैरे काही लिहीत नाही, तुझ्यावर रागावले आहे. सिंगापूरला जाऊन तुला दीड वर्ष होत आलं आणि तुझ्याकडून आलं काय, तर एक दिवाळीचं कार्ड आणि एक नववर्षाचं. आत छापलेला मजकूर, खाली तुझी सही. आमचा विमा एजंटसुद्धा यापेक्षा जास्त लिहितो.

पण आज भांडायला बसलेले नाही. कामाचं बोलायचंय. सकाळी दुकानात अप्पा पेपर वाचता वाचता म्हणाले, थायलंडचा पैसा पार कोसळला म्हणे, आता तिकडे सगळं स्वस्त. मी एका ब्लाउजची बाही लावत होते, ती उलटीच लावली. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला तो फोटो आठवतो का? तुरहळ्ळीच्या खडकांवर भेटलेल्या त्या फ्रेंच पोरानं मासिकाचं पान फाडून दिलं होतं तो. हिरवं पाणी, पांढरी वाळू, आणि वाळूतून सरळ आभाळात गेलेला कडा. रायले. तू तेव्हा म्हणाली होतीस, "बाप्पा, इथे पडलं तरी समुद्रात पडू, हाड तरी मोडणार नाही." आपण दोघी किती वर्षं म्हणत होतो, पैसे जमले की जायचं. पैसे काही जमले नाहीत, पण त्यांचाच पैसा खाली आलाय. आता नाही गेलो तर कधीच जाणार नाही.

तेव्हा जानेवारीत जायचं. तू तिकडून ये, मी इकडून येते.

आता तू म्हणशील, राजी, तुझ्या पायाचं काय. पाय ठणठणीत आहे. दर रविवारी तुरहळ्ळीला जाते, पूर्वीसारखी चढते. थंडीत घोटा स्वल्प दुखतो, तेवढंच.

आणि ते रामनगरचंही एकदा लिहूनच टाकते, कारण आपण दोघींनी ते तोंडानं कधी म्हटलंच नाही. मी कड्यावरून खाली येत होते, तू खालून दोर सोडत होतीस, दोर संपला, टोक तुझ्या हातातून निसटलं, मी पडले. घोटा मोडला. तू हॉस्पिटलात येऊन एकच वाक्य बोललीस, "मी त्या करंजाच्या सावलीत मागे उभी राहिले नसते तर दोर पुरला असता." त्यानंतर आली नाहीस. मग कुणीतरी सांगितलं, अंजली सिंगापूरला गेली.

मला राग आहे तो जाण्याचा. पडण्याचा नाही. कळलं?

उत्तर पाठव. कार्ड नको.

राजलक्ष्मी


जयनगर
५ ऑक्टोबर १९९७

अंजे,

उत्तर नाही. सरी, ठीक आहे. मी आपली पुढचं ठरवत जाते. तू नाही म्हणत नाहीस तोवर मी हो समजते.

मद्रासहून विमान महाग पडतं. कलकत्त्याहून स्वस्त आहे, असं गांधीनगरातल्या एका तिकीटवाल्यानं सांगितलं. म्हणजे इथून रेल्वेनं कलकत्ता, तिथून बँकॉक, मग बसनं क्राबी, आणि तिथून नाव. रायलेला रस्ताच नाही म्हणे, तिन्ही बाजूंनी कडे, नावेतून उतरून गुडघाभर पाण्यातून जायचं. तुला तर बसच आहे, सिंगापूरहून मलेशिया ओलांडून वर यायचं. तुझ्यासारख्या झोपाळू बाईला काय, डोळे मिटले की क्राबी.

राहायला बांबूच्या झोपड्या असतात, समुद्राला पाठ लावून असलेली झोपडी सगळ्यात स्वस्त. भात आणि मासे तिथे मिळतीलच. बाकी मी इथून मेतकूट, चटणीपूड आणि पोहे आणते. चढाईचे कमरेचे पट्टे विकत घ्यायचे नाहीत. जे. सी. रोडवरून मोटारीच्या सीटबेल्टची पट्टी आणलीय, दोघींचे पट्टे मीच शिवतेय. टाके तिहेरी घालतेय. तुरहळ्ळीला आपल्या गटातला श्रीकांत ओढून बघून म्हणाला, याला म्हैस टांगली तरी चालेल. तुझं माप तेच आहे ना? सिंगापूरचं खाऊन जाड झाली असशील तर आत्ताच सांग, नंतर मी उसवत बसणार नाही.

घरी सांगितलं. अप्पा फक्त म्हणाले, मार्गशीर्षातली लग्नाची कामं उरकून जा. भागीअक्काचं तुला माहीत आहेच. ती अप्पांची थोरली बहीण असली तरी घरात सगळ्यांची सासू आहे. "दोन बायकांनी परदेशात जाऊन दगडाला लटकायचं? इथले दगड संपले काय?" आणि मग तुझं नाव निघालं. ते मी लिहीत नाही. तुला नागपूरची ती म्हणते, नाव घेत नाही. "सावलीसाठी आमच्या मुलीचा पाय मोडला" हे तिचं पाठ झालंय. पाहुणे आले की ऐकवते, पाहुणे नसले तर मोलकरणीला ऐकवते. मी आधी भांडायचे. आता मशीन जोरात चालवते.

हर्षिताचा शंभू, माझा लाडका भाचा, आता दोन वर्षांचा होईल. त्याच्या बारशाला तू पंगतीत जिलबी वाढत होतीस आणि भागीअक्का सगळ्यांना सांगत होती, बघा, मराठी मुलगी आहे, नागपूरची आहे, किती कामसू. पुढच्याच रविवारी आपण रामनगरला गेलो. माणसाची किंमत आठवड्यात कशी उतरते बघ.

दोर आपला निळाच नेऊ. रायलेचे कडे उंच आहेत, तेवढा पुरेल का ते बघायला हवं. मी पडल्यापासून तो ट्रंकेत आहे, हातही लावलेला नाही. दर रविवारी चढते ते श्रीकांतच्या दोरावर. मोजून कळवते.

राजी


जयनगर
१९ ऑक्टोबर १९९७

अंजे,

अक्षर वाईट येतंय, समजून घे. 

आज गच्चीवर दोर काढला. मध्यावर तू पांढरा दोरा गुंडाळून खूण केली होतीस, ती तशीच आहे. अप्पांचा टेप कशाला, म्हणून वावेनं मोजला, दोन्ही हात पसरून, जसा आपण नेहमी मोजायचो. खुणेपासून एका टोकापर्यंत बरोबर भरला. खुणेपासून दुसऱ्या टोकापर्यंत कमी भरला. सहा वाव कमी, अंजे. मी पुन्हा मोजला. मग अप्पांना वर बोलावून त्यांच्याकडून मोजून घेतला. त्यांचे हात लांब, तरी कमीच.

दोर कुणीतरी कापलाय.

टोक बघितलं तर व्यवस्थित मेणबत्तीवर भाजलेलं, आपण भाजतो तसंच, एक धागा सुटलेला नाही. म्हणून आपल्या दोघींच्या लक्षात आलं नाही. कापलेला दोर विसकटतो, हा विसकटलाच नव्हता.

आता नीट विचार कर. त्या रामनगरच्या कड्यावर आपण किती वेळा चढलो? दोर वर कडीतून जाऊन खाली यायचा आणि तरी तुझ्या पायाशी तीनेक वाव उरायचा. तू प्रत्येक वेळी त्या करंजाखालीच उभी राहायचीस, कारण दुसरी सावलीच नाही तिथे. प्रत्येक वेळी दोर पुरायचा. त्या दिवशीच कमी पडला. सहा वाव कमी असेल तर तू कड्याला नाक लावून उभी राहिली असतीस तरी टोक निसटलंच असतं.

टोकाला गाठ मारायला हवी होती, खरंय. ती मीही मारली नाही, तूही मारली नाहीस, आपल्या अख्ख्या गटात कुणीच मारत नव्हतं. त्याचं जे काय व्हायचं ते दोघींच्या वाटणीला. पण सावलीचं नाही. तू दोन वर्षं त्या सावलीसाठी जळतेयस आणि ती खोटी आहे.

मी तशीच उठून श्रीकांतकडे गेले. आपल्या दोघींशिवाय टोक असं भाजायला येतं ते त्यालाच. आणि हॉस्पिटलात सगळ्यांत आधी "अंजली मागे उभी होती" हे म्हणणारा तोच. मी त्याच्या बायकोसमोर त्याला वाट्टेल ते बोलले. तो बिचारा बनियनवर उभा, हातात टिफिनचा डबा. मग म्हणाला, "राजलक्ष्मी, दोर तुझ्या घरी असतो. मी तुझ्या घरी शेवटचा कधी आलो सांग." आलाच नव्हता. मी परत येताना रस्ताभर स्वतःला शिव्या दिल्या. त्याच्या दोन पँटी फुकट शिवून द्याव्या लागणार.

मग कापला कुणी? घरात मी, अप्पा आणि भागीअक्का. दिवाळीच्या धांदलीत अक्काला विचारलं तर म्हणाली, "कसला दोर? मला तुझ्या दोरांतलं काय कळतंय, फराळाचं बघू दे." अप्पांना विचारलं तर ते दुखावले.

मी शोधून काढणार आहे. तू तिथे नीट जेव.

राजी


जयनगर
१० नोव्हेंबर १९९७

अंजे,

सापडला.

काल आनेकलला हर्षिताकडे गेले होते, दिवाळीचं द्यायचं राहिलं होतं. बसमधून उतरून घामाघूम होऊन घरात शिरले तर शंभू झोपाळ्यावर. झोपाळा म्हणजे त्याचा पाळणाच, आता त्याची पाटी काढून बसायला फळी लावलीय. तोच, बारशाचा. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी, बारसं माहेरी, आणि मुलगी सासरी निघाली की पाळणा तिच्याबरोबर जातो, दोरांसकट, सोडायचा नाही असा नेम आहे.

पाळण्याच्या दोरांवर लाल खणाच्या खोळी आहेत. त्या मीच शिवल्या होत्या. अक्कानं मापं दिली, मी एका दुपारी बसून लांबच्या लांब चार खोळी शिवल्या आणि तिच्या हातात दिल्या. दोरावर चढवल्या तिनं. शंभूनं दातांनी एक खोळ उसवलीय. फटीतून निळं दिसलं. निळं, त्यात पिवळा ठिपका.

मी हर्षिताला म्हटलं, कात्री दे. ती म्हणाली, "अय्यो, काय करतेस, बाळाचा पाळणा आहे." मी म्हटलं, दे. खोळ पूर्ण उसवली. आपलाच दोर, अंजे. चारही. मी खाली फरशीवर बसले आणि रडायला लागले, आणि हसू पण येत होतं, आणि शंभू माझ्याकडे बघून टाळ्या पिटत होता. हर्षिता घाबरली, तिला वाटलं घरी कुणी गेलं. मी म्हटलं, कुणी गेलं नाही, उलट एक परत आली.

संध्याकाळी घरी आले. भागीअक्का तांदूळ निवडत होती. मी तिच्यापुढे बसले आणि शांतपणे विचारलं, "अक्का, शंभूच्या पाळण्याला दोर कुठला लावला होता?"

"जुना सुती होता तो कुजला होता. बाळाला मजबूत नको काय? तुझ्या ट्रंकेत एवढा मोठा वेटोळा पडला होता, त्यातलं थोडं घेतलं. एवढ्या लांब दोरातलं थोडं गेलं तर काय कमी होतंय?"

"आणि टोक?"

"भाजून ठेवलं की मेणबत्तीवर. तू करतेस तसं. विसकटला तर तू ओरडशील म्हणून." तिच्या आवाजात अभिमानच होता. त्यात तिला एवढं काही वाटलंच नव्हतं ग. दोर म्हणजे दोर. म्हणूनच दिवाळीत विचारलं तेव्हा तिला आठवलंही नाही.

मग मी तिला समजावून सांगितलं. तांदळाचं ताट पुढे ओढलं, माझा शिवायचा दोरा एका कपाच्या कानातून घालून दाखवलं, हा कडा, ही मी, ही अंजली, दोर एवढा हवा, एवढाच उरला. अक्का बघत राहिली. दोरा बोटानं ओढून बघत म्हणाली, "मग त्या पोरीला मी दोन वर्षं जे बोलले ते?"

 ती उठून आत गेली. रात्री जेवली नाही. आज सकाळी देवासमोर बसली होती पण पोथी उघडली नव्हती.

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. मला इतकं हलकं वाटतंय की आज अख्ख्या दुकानात मी गुणगुणत होते आणि अप्पा चष्म्यावरून बघत होते. तू काही केलं नव्हतंस, अंजे. काहीही नाही. हे पत्र पोचेल तेव्हा ऑफिसात असशील तर बाहेर जाऊन वाच, आणि भर सावलीत बसून वाच.

राजी


जयनगर
३० नोव्हेंबर १९९७

अंजली,

तुझं पत्र आलं. दीड वर्षातलं पहिलं पत्र, आणि सहा ओळी. मी त्या इथे पुन्हा लिहिते, म्हणजे तुलाच कळेल कशा वाटतात. "राजी, कळलं ते बरं झालं. अक्कांना काही बोलू नको, त्यांनी मुद्दाम केलं नाही. पण मी येत नाही. मी त्या दिवसापासून दोराला हात लावलेला नाही, आता लावणार पण नाही. तू दर रविवारी चढतेस ना, चांगलं आहे. श्रीकांतला घेऊन जा. तुला माझी काय गरज आहे?"

पत्र वाचून मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आत बसून राहिले. वाटलं होतं, सावलीचं खोटं ठरलं की झालं, तू उड्या मारत येशील. मी मूर्ख. दोष गेला म्हणून भीती जाते असं थोडंच असतं. मला तरी हे माहीत असायला हवं होतं.

कारण मी चढत नाही, अंजे.

दर रविवारी तुरहळ्ळीला जाते हे खरं. पट्टा बांधते, श्रीकांत दोर धरतो, मी दगडाला हात लावते. माझ्या उंचीएवढं चढते. पाय जमिनीपासून वर गेले की मी म्हणते, आज घोटा दुखतोय, उतरव. दोन वर्षं दर रविवारी नवा बहाणा. गटातली पोरं आता विचारतही नाहीत, मला चहाचा थर्मास सांभाळायला देतात. मी तुला लिहिलं पूर्वीसारखी चढते, कारण मला वाटलं, मी चढतेय म्हटल्यावर तुझं ओझं उतरेल. तुझं ओझं उतरलं नाही आणि माझंही कुणाला दिसलं नाही.

श्रीकांत उत्तम दोर धरतो. त्याची चूक नाही. पण वर गेले की माझं लक्ष खाली, त्याच्या हातांकडे. तू असताना मी कधी खाली बघितलंच नाही. पाच वर्षांत एकदाही नाही. आठवून बघ.

रायलेचं मी एवढं का लावून धरलंय? स्वस्त आहे म्हणून? स्वस्त तर तुरहळ्ळी आहे, सत्तावीस नंबरच्या बसनं जाता येतं. मला तुझ्या दोरावर एकदा वर जायचंय. एकदा वर जाऊन नीट खाली यायचंय. ते जमलं नाही तर मी पट्टे उसवून पिशव्या शिवीन आणि पुन्हा कधी दगडाचं नाव काढणार नाही. हे मी चिडून लिहीत नाही, खरंच तसं होणार आहे.

तुला माझी काय गरज आहे म्हणतेस. ही गरज आहे. तुला माफ करायला नाही बोलावत, माफ करण्यासारखं काही उरलंच नाही. मला भीती वाटते म्हणून बोलावतेय. तुला पण वाटते. तर दोघी मिळून घाबरू, समुद्राकाठी, मेतकूट भात खात.

नाहीच आलीस तरी पत्रं पाठव. सहा ओळींची चालतील.

तुझीच,
राजी


जयनगर
२१ डिसेंबर १९९७

अंजे, अंजे, अंजे,

"हे आधी काऊन नाही सांगितलं, मायबाई? मी येऊन राहिली."

तुझ्या पत्राची ही पहिली ओळ मी अप्पांना वाचून दाखवली, हर्षिताला फोनवर वाचून दाखवली, आणि एका गिऱ्हाईक बाईलाही वाचून दाखवली जी फॉल लावायला आली होती. तिला काही कळलं नाही पण तीसुद्धा हसली. गेले दोन आठवडे पोस्टमन दिसला की मी मशीनवरून उठून दारात, आणि तो लांबूनच मान हलवायचा. परवा त्यानं मान हलवली नाही.

तर ठरलं. क्राबीच्या धक्क्यावर, जो आधी पोचेल तो थांबेल. नवा दोर तू तिकडून घेतेयस हे बरं केलंस, निळा आता शंभूचाच झाला. पट्टा तुझ्या नव्या मापानं सैल केला, जाड झाली नाही म्हणे, सिंगापूरच्या फुटपट्ट्याच आखूड असतील.

आता भागीअक्काचं ऐक.  काल दुकानात आली, जी कधी येत नाही, आणि म्हणाली, "तुमच्या दोराचं टोक संपत आलंय हे खाली उभ्या माणसाला दिसत नाही काय?" मी म्हटलं, लक्ष नसलं तर नाही दिसत. तिनं कनवटीला लावलेला खणाचा तुकडा काढला, पाळण्याच्या खोळींतला उरलेला लाल. म्हणाली, "मोठी गाठ मारा आणि गाठीच्या पुढच्या शेपटाला हे शिवा. लाल दिसलं की थांबायचं. आंधळ्यालाही दिसेल." मग जाता जाता, पाठ करून, म्हणाली, "त्या अंजलीला सांग, परत येताना इकडून जा म्हणावं. जिलबी करते."

नाव घेतलं, अंजे. दोन वर्षांनी.

सुईदोरा मी आणतेच आहे.

राजी


रायले
१९ जानेवारी १९९८

भागीअक्का,

पाया पडते. चष्मा लाव आणि हे तूच वाच, अप्पांना आणि हर्षिताला मी वेगळी कार्डं पाठवलीत.

आम्ही सुखरूप आहोत. झोपडी स्वच्छ आहे, मालकीणबाई आजीच आहेत, त्यांना आपलं मेतकूट आवडलं. तुझी चटणीपूड एका जर्मन पोरानं जवळजवळ संपवली. अंजी जाड झालीय, कबूल करत नाही. धक्क्यावर मला बघितलं तेव्हा आधी माझ्या घोट्याकडेच बघितलं तिनं, मग तोंडाकडे. आम्ही दोघी तिथे भर गर्दीत रडलो आणि नाववाला आमच्या पिशव्या घेऊन आधीच नावेत जाऊन बसला.

पहिले दोन दिवस आम्ही नुसत्या कड्याखाली बसून राहिलो. एकमेकींना म्हणायचो, ऊन उतरू दे, भरती येऊ दे, पोट जड आहे. तिसऱ्या दिवशी अंजीच उठली. नव्या दोराच्या टोकाला तिनं मोठी गाठ मारली आणि मी गाठीच्या पुढच्या शेपटाला तुझा खण शिवला. तिनं तो हातात घेऊन बराच वेळ बघितला. म्हणाली, "अक्कांनी शिवायला सांगितलं?" मी म्हटलं, हो. मग तिनं दोर धरला.

मी चढले, अक्का. माझ्या उंचीपर्यंत आले तेव्हा थांबलेच. मी म्हटलं, अंजे, मला भीती वाटतेय. ती म्हणाली, "मला पण वाटून राहिली. मी आहे." एवढंच. मग मी पुढे गेले, आणि मग आणखी पुढे, आणि एकदाही खाली बघितलं नाही. वर कडीला हात लावला तेव्हा मागे सगळा समुद्र होता, आणि मी मोठ्यानं रडत होते पण ते वेगळं रडणं होतं. हॉस्पिटलापासून छातीवर जे काही बसलं होतं ते उठून गेलं.

मग पहिल्यांदा खाली बघितलं. अंजी कड्याला चिकटून उभी, डोक्यावर रणरणतं ऊन, कपाळावरून घाम गळतोय. तिच्या मागे दोन पावलांवर मोठं झाड होतं, गार सावली होती. दोर ढीगभर उरलेला. पण बाई उन्हात.

मी वरून ओरडले, "अंजे, सावलीत हो."

तिनं मान हलवली. नाही.

मी म्हटलं, "तू सावलीत गेल्याशिवाय मी खाली येणार नाही. इथेच लटकून राहीन." आणि राहिले. आजूबाजूचे गोरे वर बघायला लागले. तुला माझा हट्ट माहीत आहे. ती उभी, मी लटकलेली, दोघी एकमेकींकडे बघतोय. शेवटी तिनं एक पाऊल मागे टाकलं. मग दुसरं. झाडाखाली गेली, तोंडावरचा घाम दंडाला पुसला, आणि दोर सोडायला लागली.

मी हळूहळू खाली आले, पाय वाळूला लागेपर्यंत. तुझं लाल टोक तिच्या पायाशी सावलीतच पडून होतं.

आम्ही येतोय. जिलबीची तयारी ठेव.

तुझी,
राजी